मनाचं राहू द्या, दाराचं बोला

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व पक्षांचे अध्यक्ष, प्रवक्ते, युवा आणि महिला आघाड्यांचे पदाधिकारी यांना,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात विवाह आणि कायदा या विषयावर परिसंवाद होता. तुमच्यापैकी तिघं व्यासपीठावर होते, दोघं पहिल्या रांगेत. मी चौथ्या रांगेत, पंख्याखालची जागा धरून बसले होते. समान नागरी कायद्यापासून निघालेली गाडी अर्ध्या तासात समलैंगिक विवाहावर आली आणि तिथेच तिचं चाक रुतलं. मागून एक मुलगा उठला, विशी-बाविशीचा असेल. म्हणाला, "लग्नाला विरोध म्हणजे होमोफोबिया. संपला विषय." व्यासपीठावरचे एक प्रवक्ते उसळले. "मला द्वेष्टा म्हणतोस? शब्द मागे घे, नाहीतर नोटीस पाठवीन." पुढची वीस मिनिटं त्या एका शब्दाचीच ओढाताण चालली. मग आभार, मग चहा. लग्नही बाजूला राहिलं आणि कायदाही.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं दिवाणी वकिली करते. वाटण्या, मृत्युपत्रं, वारस दाखले, बांधावरून आणि जिन्याखालच्या खोलीवरून होणारी भाऊबंदकी, हे माझं रोजचं काम. त्या संध्याकाळी मला दोन्ही बाजूंशी भांडायचं होतं, पण माइक माझ्यापर्यंत आलाच नाही. म्हणून हे पत्र.

आधी त्या शब्दाचं बघू. होमोफोबिया हा शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज वाइनबर्ग यांनी १९६० च्या दशकात रूढ केला आणि १९७२ च्या त्यांच्या पुस्तकातून तो जगभर गेला. एरवी शहाणीसुरती, मायाळू माणसंही समलैंगिक माणूस शेजारी आला की अंग चोरतात, हे त्यांना दिसलं होतं. त्या अंग चोरण्याला त्यांनी नाव दिलं. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी त्याचं समलैंगिकद्वेष असं भाषांतर केलं आणि घोळ तिथेच झाला. द्वेष म्हटलं की दातओठ खाणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि आपण तसे नाही हे प्रत्येकाला मनापासून माहीत असतं. त्यामुळे प्रवक्ते उसळले ते नाटक नव्हतं, हे मी मान्य करते.

पण मराठीत त्या अंग चोरण्याला ग्रीकमधून शब्द आणायची गरज नव्हती. आपल्याकडे विटाळ होता. पंचवटीत आमच्या वाड्यात 'बाहेरची' बसलेल्या सुनेला वेगळी सतरंजी, वेगळं ताट, वरून पाणी. तिचा द्वेष कुणी करत होतं का? छे. सासू तिच्यासाठी आठवणीनं लोणच्याची फोड ठेवायची. माया होती आणि विटाळही होता, एकाच घरात, एकाच बाईच्या मनात. तेव्हा "माझ्या मनात द्वेष नाही" हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. विचारलं सतरंजीबद्दल, सांगितलं लोणच्याबद्दल, असं होतं ते.

आता त्या मुलाकडे वळते, कारण त्याचं "संपला विषय" मला जास्त खटकलं. विषय मुळीच संपत नाही, बाळा. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दोन बायकांचं लग्न हे तिच्या डोक्यात शिरत नाही. "कसलं गं ते लग्न, मंगळसूत्र कुणी कुणाला घालायचं?" असं विचारते. मतदान घेतलं तर ती ठाम विरोधात बटण दाबेल. पण आमच्या ओळखीत अशा दोघी होत्या, त्यांच्याकडे दर होळीला पुरणपोळीचा डबा आईच्याच हातचा जायचा आणि त्यांच्या घरचं ताक ती आवडीनं प्यायची. उलट माझे एक वकीलमित्र आहेत, व्यासपीठावर समलैंगिक विवाहाच्या बाजूनं असं बोलतात की टाळ्या थांबत नाहीत. त्यांचा पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे. दोन मुलगे भाड्यानं घ्यायला आले, जोडपं आहे हे कळलं, तेव्हा एजंटला यांनी सांगितलं, "फॅमिलीलाच देऊ." यातला होमोफोब कोण, ते तू ठरव. मला विचारशील तर पुरणपोळीवाली नाही.

आणि सर्वोच्च न्यायालयाचं काय करायचं? समलैंगिक विवाहाला कायद्याची मान्यता मागणाऱ्या सुप्रियो खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, यावर पाचहीजणांचं एकमत होतं. लग्नाऐवजी नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तीही मान्यता मिळाली नाही. हे काम संसदेचं, असं त्यांचं म्हणणं. मला तो निकाल हातचा राखून दिलेला वाटतो. तरी त्याच निकालात समलैंगिक माणसांनी एकत्र राहण्याच्या स्वातंत्र्याबद्दल आणि त्यांच्याशी भेदभाव न करण्याबद्दल पानंच्या पानं आहेत. त्या पाचांच्या कपाळावर तोच शिक्का मारायचा का? मग ज्यांनी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाखाली खरोखर माणसं नासवली, ब्लॅकमेल केलं, पोलीस चौकीत कपडे उतरवायला लावले, त्यांच्यासाठी कुठला शब्द उरतो? नाणं जास्त फिरवलं की त्यावरचा छाप झिजतो.

या भांडणात आपण पहिले नाही. आयर्लंडमध्ये जानेवारी २०१४ मध्ये रोरी ओ'नील हा कलाकार राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर आला आणि समलैंगिक विवाहाच्या काही विरोधकांना नावानिशी होमोफोब म्हणाला. त्या मंडळींनी अब्रुनुकसानीची तंबी दिली आणि वाहिनीनं ८५ हजार युरो देऊन प्रकरण मिटवलं. मग संसदेत चर्चा, रस्त्यावर मोर्चे, हा शब्द वापरायचा अधिकार कुणाचा यावर देशभर वाद. ज्याला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले त्यानं टोमण्याला नाव द्यायचं नाही, आणि ज्याला एकदाच नाव ठेवलं त्याला पैसे मिळायचे, हा उलटा न्याय लोकांना टोचला. पुढच्या वर्षी, मे २०१५ मध्ये, त्याच देशात सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोकांनी समलैंगिक विवाहाच्या बाजूनं कौल दिला. आपले प्रवक्ते नोटिशीची भाषा बोलले तेव्हा मला ते ८५ हजार युरो आठवले. माणसांना गप्प करून चर्चा जिंकता येते असं ज्याला वाटतं, त्यानं आयर्लंडकडे एकदा बघावं. पण आणखीही एक बघावं. त्या ६२ टक्क्यांत पूर्वी विरोधात असलेले कितीतरी असणार. बराक ओबामा २००८ ची निवडणूक "विवाह स्त्री-पुरुषातच" असं म्हणत जिंकले आणि मे २०१२ मध्ये त्यांनी उघडपणे मत बदललं. शिक्का मारलेली माणसं अशी सहज वळत नाहीत.

एवढं मुलाला. आता पदाधिकारी मंडळी, तुमच्याकडे येते.

त्या परिसंवादात मूळ भांडणाआधी एक वाक्य पडलं होतं, ते कुणाच्या बातमीत आलं नाही. "आज हे मान्य केलं तर उद्या माणूस म्हशीशी लग्न लावायला येईल." सभागृह हसलं. द्वेष्टा म्हटल्यावर उसळलेले प्रवक्तेही हसले. मीही ओठातल्या ओठात हसले, खोटं कशाला बोलू, सभेत बसलं की सवयीनं हसू येतं. घरी आल्यावर लाज वाटली. लग्नाला विरोध ही भूमिका झाली. समोरच्या माणसाला म्हशीच्या रांगेत बसवणं ही भूमिका नाही. तसंच रोग, विकृती, पाश्चात्त्य थेरं, टाळ्या वाजवून केलेली नक्कल. यातलं काही तोंडातून निघालं असेल, तर द्वेष्टा म्हटल्याबद्दल नोटीस पाठवायचा अधिकार आपण गमावला असं समजा.

विरोधाची जी सभ्य कारणं आहेत त्यांना मात्र उत्तर द्यायला हवं, शिवी नव्हे. विवाह हा संस्कार आहे, करार नाही, असं संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी मार्च २०२३ मध्ये सांगितलं. ही सुसंगत भूमिका आहे. पण मागणी कुठल्या कायद्यात होती ते पाहा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात. त्यात सप्तपदी नाही, अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकाऱ्याचं टेबल, तीन साक्षीदार, सह्या. नोंदणी कार्यालयातल्या त्या टेबलाशी मी कितीतरी जोडप्यांबरोबर उभी राहिले आहे, आणि तिथे संस्कार शोधायचाच तर तो शाईच्या पॅडवर शोधावा लागेल. संस्काराची बाजू घेऊन या टेबलावर हरकत घेता येत नाही. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं घटस्फोट आणला तेव्हाही संस्कार मोडतो अशीच ओरड झाली होती. आज सगळ्या पक्षांच्या घरांत घटस्फोट झालेले आहेत आणि त्यांची कामं माझ्यासारख्यांकडेच येतात.

केंद्र सरकारनं २०२३ मध्ये न्यायालयात या मागणीला शहरी अभिजनांची मागणी म्हटलं. विरोधी बाकांवरच्यांनी फार खूश होऊ नये. त्याच खटल्यात राज्यांचं मत मागवलं तेव्हा राजस्थानातल्या काँग्रेस सरकारनं विरोध कळवला, आणि आपल्या महाराष्ट्रानं वेळ मागून घेतला. शरद पवारांच्या राष्ट्रवादीनं २०२० मध्ये एलजीबीटी सेल काढला, सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत विशेष विवाह कायद्याच्या दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण तो सेल नाशिकमध्ये कुठे बसतो, असं मी चार कार्यकर्त्यांना विचारलं, तर चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

शहरी अभिजन म्हणे. मघाशी ज्यांच्याकडे पुरणपोळी जायची म्हटलं, त्या दोघी सांगते. नावं नाही सांगत. एक निफाड तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, जुन्या पेन्शनवाली. दुसरीचं नाशिक रोडला शिलाईचं दुकान, ब्लाउज आणि फॉल-पिको. एकोणीस वर्षं दोघी एका छताखाली राहिल्या. लोक बहिणी समजायचे, त्या समजू द्यायच्या. फ्लॅट शिक्षिकेच्या नावावर, कारण कर्ज तिच्या पगारावर झालं होतं. हप्त्यातले अर्धे पैसे मशीनवरचे. मी दोनदा म्हटलं, मृत्युपत्र करून ठेवा, चार पानांचं काम आहे. "करू हो ताई, दिवाळीनंतर." २०२१ मध्ये शिक्षिका कर्करोगानं गेली. दिवाळी दोन महिन्यांवर होती.

तेराव्याला भाऊ कुलूप घेऊन आला. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं पंधरावं कलम उघडा. अविवाहित स्त्री, आईवडील नाहीत, मृत्युपत्र नाही, की मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे भावाकडे. त्या यादीत मैत्रीण, सोबतीण, एकोणीस वर्षं डबा भरून देणारी, असा रकाना नाही. कुटुंब निवृत्तिवेतनात तर प्रश्नच नाही. ती माझ्या टेबलासमोर बसली होती, माझ्यापुढे कायद्याची सगळी पुस्तकं होती आणि त्यांत तिच्यासाठी एक ओळ नव्हती. शेवटी शिलाई मशीन मिळालं. का, तर पावती तिच्या नावावर होती.

भाऊ द्वेष्टा होता का? मी त्याला पुष्कळ वर्षं ओळखते. नाही. तो हिला ताई म्हणायचा. भाऊबीजेला दोघींकडून ओवाळून घ्यायचा आणि दोघींना साडी आणायचा. माझ्याकडे आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "वकीलबाई, माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही हो. पण कायद्यानं माझंच आहे ना?" त्याचंच होतं. मी काय सांगणार?

"मनात काही नाही" हे वाक्य मी त्याआधीही घरात ऐकलं होतं. माझे आजोबा पंचवटीतले. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं दारांबाहेर उभी होती. आजोबा दाराच्या आतल्या बाजूला होते. तरुण होते, वडीलधारे उभे राहिले म्हणून तेही उभे राहिले. म्हातारपणी ओट्यावर बसून सांगायचे, "आमच्या मनात कुणाबद्दल काही नव्हतं गं. रीत होती ती." आणि ते खरं असणार, कारण माणूस स्वभावानं मऊ होता. पण बाहेर उभं राहणाऱ्याला आजोबांचं मन दिसत नव्हतं. त्याला दार दिसत होतं. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं.

ही तुलना मी जपून करते आहे. जातीचं दुःख आणि हे दुःख एका मापानं मोजू नये, आणि ज्यांच्या आजोबांनी बाहेर उभं राहून लाठ्या खाल्ल्या त्यांनी मला थांबवलं तर मी थांबेन. मी बाहेरच्यांच्या वतीनं बोलतच नाही. आतल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय असतं, एवढंच मला घरून माहीत आहे. बहुतेक वेळा काहीच नसतं.

म्हणून तुमच्यापैकी कोण होमोफोब आहे, याचा निवाडा मला करायचा नाही. मनाचा पंचनामा होत नाही. मला दार तपासायचं आहे. "लग्न नको, पण माणसं आमचीच, त्यांचे बाकीचे हक्क आम्ही देऊ," असं व्यासपीठावर तिघांनीही म्हटलं. उत्तम. मग लग्न बाजूला ठेवा. दिल्लीही बाजूला ठेवा. मुंबईत विधिमंडळ आहे आणि या जिल्ह्यातून पंधरा आमदार तिथे जातात.

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात बक्षीसपत्राचा अनुच्छेद ३४ आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. शिक्षिकेनं जिवंतपणी अर्धा फ्लॅट सोबतिणीच्या नावे करायचं ठरवलं असतं, तर कायद्याच्या लेखी त्या दोघी परक्या. मग खरेदीखतासारखं शुल्क. अर्ध्या हिश्शाची किंमत वीस लाख धरा, पाच टक्क्यांनी एक लाख, वर स्थानिक अधिभार वेगळा. नवराबायकोला २०० रुपये आणि यांना लाख. हा राज्याचा कायदा आहे, त्याला संसद लागत नाही, सप्तपदी लागत नाही, कुणाचा देव बाटत नाही. राज्य कर्मचाऱ्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियमही राज्याचेच. कर्मचाऱ्यानं हयातीत लिहून दिलेल्या सोबत्याला तिथे जागा करता येईल.

लग्नाशिवाय असं काही होत नाही, असंही सांगू नका. न्यायालयात दिलेल्या शब्दाप्रमाणे केंद्रानं २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलैंगिक जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला अडचण नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातलं मानावं असंही राज्यांना कळवलं गेलं. म्हणजे लग्नाला विरोध करणारं सरकारही एवढं करू शकलं. त्याबद्दल मी त्यांचं कौतुक करते, माझ्या डावीकडच्या मित्रांना आवडो न आवडो.

जे पक्ष लग्नाच्या बाजूनं आहेत त्यांनीही सुटलो असं समजू नये. दिल्लीत होणाऱ्या गोष्टीला नाशिकमधून पाठिंबा द्यायला काही लागत नाही. सहाव्या अनुच्छेदाची, सॉरी, चौतिसाव्या अनुच्छेदाची दुरुस्ती तुमच्या आमदारानं मांडली का, एवढं सांगा. (वय झालं, आकडे घसरतात. पण आकडा चुकला तर अर्ज फेटाळला जातो, हे अजून विसरले नाही.)

पक्षशाखेनं या दोन दुरुस्त्यांसाठी साधा ठराव केला आणि लग्नाला विरोध कायम ठेवला, तर त्या मुलासमोर मी स्वतः तुमची बाजू मांडीन. सांगेन त्याला, बाबा रे, यांचं मत वेगळं आहे, यांना द्वेष्टं म्हणू नकोस. आणि "बाकीचे हक्क देऊ" हे फक्त माइकपुरतं असेल, तर त्यानं तुम्हाला काय म्हणावं हे मी त्याला शिकवायला जाणार नाही. अडवायलाही जाणार नाही.

दोन्ही दुरुस्त्यांचे कच्चे मसुदे मी टाइप करून ठेवले आहेत, प्रत्येकी एक पान. फी नाही. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा मी माझ्या ऑफिसात असते, न्यायालयाच्या आवारात कुणालाही विचारलं तरी दाखवतील. परवा ती शिलाईवालीही येऊन गेली. आता तिनं इंदिरानगरला भाड्याच्या गाळ्यात पुन्हा दुकान मांडलंय आणि स्वतःचं मृत्युपत्र करायला आली होती. मशीन कुणाला द्यायचं, हे अजून तिचं ठरत नाही, म्हणून तो रकाना कोरा ठेवला आहे.

येणार असाल तर रिक्षानं या. सीबीएसच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपली,
एक दिवाणी वकील
नाशिक